मठातून संसारात : मारिया फॉन ट्राप



‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा १९६५ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातील मारिया ही काल्पनिक नायिका नव्हे. तिचे खरे आयुष्य चित्रपटाहून खडतर होते आणि अधिक बोधप्रदही.

मारियाचा जन्म २६ जानेवारी १९०५ रोजी ऑस्ट्रियात, व्हिएन्नाकडे जाणाऱ्या आगगाडीत झाला. आई लहानपणीच वारली, पुढे वडीलही गेले. पालक म्हणून लाभलेल्या नातेवाइकाला धर्माचा तिटकारा होता आणि त्याने तिला मारझोडही केली. अशा घरात वाढलेली ही मुलगी शिक्षिका झाली. विद्यार्थिदशेत संगीत ऐकायला म्हणून ती एका चर्चमध्ये गेली. तेथे एका येशूसंघीय धर्मगुरूंचे प्रवचन कानी पडले आणि तिची श्रद्धा जागी झाली. पुढे ती साल्झबुर्गच्या नॉनबर्ग मठात सिस्टर होण्यासाठी दाखल झाली.

त्याच शहराजवळ गेओर्ग फॉन ट्राप राहत. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या आरमारात पाणबुडीचे कप्तान होते. युद्धानंतर देशाला समुद्रकिनाराच उरला नाही, मग आरमार कुठले? १९२२ मध्ये पत्नीही गेली. पदरी सात मुले. आजारपणामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या एका मुलीला शिकवण्यासाठी मठाने १९२६ मध्ये मारियाला त्यांच्या घरी पाठवले. काही महिन्यांसाठीच, असे ठरले होते.

मुलांना तिचा लळा लागला. कप्तानांनी तिला मुलांची आई होण्याविषयी विचारले, तेव्हा ती घाबरून थेट मठात परतली. मदर सुपीरिअरनी मात्र यात देवाची इच्छा असल्याचे सांगितले. २६ नोव्हेंबर १९२७ रोजी, शनिवारी, नॉनबर्गमध्येच त्यांचा विवाह झाला. दुसऱ्याच दिवशी आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या काळी आगमनकाळात थाटाची लग्ने होत नसत. नवरदेव ४७ वर्षांचे, नवरी २२ वर्षांची. चित्रपटातील हसऱ्या वधूच्या मनात त्या दिवशी खरे तर राग होता, देवावर आणि नवऱ्यावरही. तिचे प्रेम मुलांवर होते. पतीवर प्रेम करायला ती हळूहळू, संसारात शिकली.

चित्रपटात कप्तान कडक दाखवले आहेत. प्रत्यक्षात ते मवाळ होते, तापट होती ती मारिया! त्यांना आणखी तीन मुले झाली. पुढे बँक बुडाली, संपत्ती गेली. घरात गायले जाणारे संगीतच उपजीविकेचे साधन झाले. फादर फ्रान्झ वासनर यांनी या गायकवृंदाला घडवले. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला. जर्मन नौदलात येण्याचे बोलावणे कप्तानांनी नाकारले, तसेच हिटलरच्या वाढदिवशी गाण्याचे निमंत्रणही कुटुंबाने स्वीकारले नाही. मग घरदार सोडून सारे आगगाडीने इटलीला आणि तेथून अमेरिकेला गेले. डोंगर ओलांडून पळाले ते फक्त चित्रपटात.

१९४७ मध्ये कप्तान निवर्तले. त्याच काळात या कुटुंबाने युद्धाने होरपळलेल्या ऑस्ट्रियातील गरजूंना मदत पाठवली. पुढे मारियाने न्यू गिनीत मिशनकार्यही केले. २८ मार्च १९८७ रोजी तिचे निधन झाले.

आपल्या कर्जत-खालापूर भागातही कधी रजा थोडी म्हणून, कधी घरात आजारी माणूस आहे म्हणून, तर कधी उपवासकाळ तोंडावर आला म्हणून लग्ने घाईने ठरतात. अशा वेळी मुलीला मनापासून विचारायला आपण विसरू नये. मारियाला विचारले गेले होते, विचार करायला मठाचे दारही उघडे होते. भीती मनात असतानाही तिने होकार दिला आणि वीस वर्षे, पतीच्या अखेरच्या श्वासापर्यंत, तो निभावला. पाचारण मठातच असते असे नाही. चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशाशी आणि दुसऱ्याच्या लेकरांना आपले म्हणण्यातही ते असते.

आपल्या धर्मग्रामातील नवविवाहितांसाठी आणि सावत्र लेकरांना माया देणाऱ्या प्रत्येक मातेसाठी आज मिस्सामध्ये प्रार्थना करू या.