एक टिंब हुकलं की सूर बदलतो, तरी पलुस्करांनी गाणं पुस्तकात छापलं

सातवीत असताना मी पेटीच्या क्लासला जायचे. पुस्तक कुणाचं तरी जुनं, हातोहात आलेलं. त्यात यमनचा आरोह छापला होता आणि तो मी घरी आठवडाभर घोटला. पुढच्या सोमवारी बाईंनी वाजवायला सांगितलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबवलं. पुस्तक हातात घेतलं, 'म' या अक्षरावर पेन्सिलने एक छोटी उभी रेघ मारली आणि परत दिलं. ती रेघ छापायची राहून गेली होती.

त्या रेघेचा अर्थ तीव्र मध्यम. यमनमध्ये बाकी सगळे सूर शुद्ध, बदललेला सूर तेवढा एकच. ती रेघ गेली की राहतात ते सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावलचे सूर. मी आठवडाभर यमन म्हणून भलतंच काहीतरी वाजवत होते आणि मला पत्ताच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, छपाईची चूक कुठल्या पुस्तकात नसते? असते. पण वर्तमानपत्रात 'पाणी'चं 'पाणि' झालं तरी आपण बरोबर वाचतो, कारण वाक्याला अर्थ असतो. सरगमला तसा अर्थ नसतो. ग नंतर म येऊ शकतो, प येऊ शकतो, रे पण येऊ शकतो. त्यामुळे खिळे जुळवणाऱ्याला चूक दिसत नाही, गाणं न कळणाऱ्या मुद्रितशोधकाला दिसत नाही आणि ज्याच्यासाठी पुस्तक काढलंय त्या नवशिक्याला तर नाहीच नाही. ज्याला चूक पकडता येते त्याला पुस्तकाची गरज नसते.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, भारतात नवशिक्यांसाठी गाण्याची पुस्तकं काढून ती वर्गात शिकवायचा घाट ज्या मोजक्या लोकांनी घातला त्यातलं एक मोठं नाव आपल्याच कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर.

जन्म 18 ऑगस्ट 1872, गाव कुरुंदवाड. वडील कीर्तनकार, त्यामुळे गाणं घरात होतंच. पण मुलाने गवई व्हावं असं काही ठरलेलं नव्हतं. झालं असं की दत्तजयंतीच्या उत्सवात एक फटाका या पोराच्या तोंडाजवळ फुटला. डोळ्यांना इजा झाली आणि नजर कायमची अधू झाली. शाळा सुटली. वाचून-लिहून पोट भरायचा रस्ता बंद झाला, मग उरलं ते गाणं.

मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती यांनीच. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णु त्यांच्याकडे राहिला. शिक्षण कसं? समोर बसायचं, बुवा गातील ते ऐकायचं, तसंच्या तसं गळ्यातून काढायचं. कागद नाही, वही नाही. चुकलं की बुवा तिथल्या तिथे थांबवणार. वर्षानुवर्षं हेच. गुरूच शब्दकोश, गुरूच शुद्धिपत्र.

या पद्धतीत चूक टिकत नाही, पण विद्याही चार जणांच्या पलीकडे जात नाही. आणि गवयाला समाजात मान नाही. दरबारात गायचं, पण पंगतीत मात्र वेगळं बसायचं, असा तो काळ. पलुस्करांना हे खुपत होतं. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदा, काठियावाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असं करत करत ते लाहोरला पोचले. वाटेत तिकीट लावून लोकांसमोर गायले. राजाने बोलावलं तरच गाणं, हा प्रकार त्यांना मोडायचा होता.

5 मे 1901. लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. कुठल्या संस्थानाच्या तिजोरीतून नाही, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या पैशावर. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं शाळेसारखं. मुलींनाही प्रवेश. शिवाय एक उपदेशक वर्ग, म्हणजे शिक्षक तयार करायचा वर्ग. ही मुलं विद्यालयातच राहणार, खाणार, शिकणार आणि पुढे गावोगाव जाऊन शिकवणार.

आणि इथेच पुस्तक आलं. एका खोलीत वीस-पंचवीस पोरं बसली तर प्रत्येकाच्या गळ्यावर गुरूचा कान कसा राहणार? घरी जाऊन मुलाने काय घोटायचं? मग 'संगीत बालप्रकाश' आलं, 'राग प्रवेश'चे एकामागून एक भाग आले. 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिक आलं. लहान मुलांसाठी, शिक्षकांसाठी, बायकांसाठी डझनावारी पुस्तकं. विद्यालयाच्या जोडीला त्यांनी स्वतःचा छापखानाही टाकला.

गवयाचा छापखाना! ऐकायला गंमत वाटते. पण त्यांची स्वरलिपी बघितली की हे वेड नव्हतं असं माझं मत झालंय.

पलुस्करांच्या पद्धतीत कोमल स्वर दाखवायला अक्षराचा पाय मोडतात. ग चा पाय मोडला की कोमल गंधार. तीव्र मध्यमाला तीच खूण उलटी. स्वर खालच्या सप्तकातला असेल तर डोक्यावर टिंब, वरच्या सप्तकातला असेल तर डोक्यावर उभी रेघ. शिवाय प्रत्येक स्वर किती वेळ धरायचा हे अक्षराखाली लिहायचं. एक मात्रा असेल तर आडवी रेघ, अर्धी असेल तर छोटं शून्य, आणि पाव मात्रेला आणखी वेगळी खूण. म्हणजे एकेका अक्षराच्या वर काहीतरी, खाली काहीतरी, आणि त्याच्याही खाली तालाचे आकडे.

हे आज मोबाईलवर टाईप करून बघा, दमछाक होईल. तेव्हा तर शिशाचे खिळे एकेक करून हाताने जुळवायचे होते. पाय मोडायची खूण म्हणजे नखाएवढंही नाही इतकं शिसं. ती झिजते, तुटते, शाई नीट लागत नाही. डोक्यावरचं टिंब उडालं तर स्वर एका सप्तकाने वर जातो. खालचं शून्य उडालं तर मात्रेचा हिशोब चुकतो आणि समेवर यायचा तो गाणारा भलतीकडेच पोचतो. असं काम बाहेरच्या छापखान्यात, कादंबऱ्या आणि पंचांगं जुळवणाऱ्या माणसाच्या भरवशावर सोडायचं म्हणजे कठीणच. छापखाना शेजारच्या खोलीत असेल तर निदान प्रूफ गाऊन बघता येतं.

गोष्ट इथेच संपली असती तर सोपं होतं. पण त्याच काळात दुसरे एक विष्णू मुंबईत याच कामाला लागले होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे, शिक्षणाने वकील. त्यांनी घराण्यांच्या बंदिशी गोळा करून 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत आणली आणि स्वतःची वेगळी स्वरलिपी वापरली. ती सुटसुटीत आहे. घोळ असा की खुणा त्याच, पण अर्थ वेगळे.

पलुस्करांकडे डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र, भातखंड्यांकडे तेच टिंब म्हणजे तार. भातखंड्यांकडे अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, पलुस्करांकडे ती फक्त एक मात्रा. म वर उभी रेघ भातखंड्यांच्या पुस्तकात असेल तर तीव्र मध्यम, पलुस्करांच्या पुस्तकात असेल तर वरच्या सप्तकातला शुद्ध मध्यम. तालाचं तर विचारूच नका. भातखंड्यांची सम म्हणजे तिरकी फुली, पलुस्करांची खाली म्हणजे सरळ फुली. फुली जरा कलंडली की समेची खाली होते! एका पद्धतीवर शिकलेल्या जुळाऱ्याला दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक दिलं तर काय होईल याची कल्पना करा. किंवा नवशिक्याने दोन पुस्तकं शेजारी ठेवून अभ्यास केला तर.

असो, पलुस्करांकडे परत येऊ.

1908 मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय काढलं. पसारा वाढला. स्वतःची मोठी इमारत हवी म्हणून कर्ज घेतलं. मैफली करायच्या, दौरे करायचे, पैसे आणायचे आणि हप्ते भरायचे. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम गायचे. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली तरी ते थांबले नाहीत. 'रघुपति राघव'ची आपण सगळे गातो ती चालही त्यांच्याच नावावर सांगतात. पण नाव झालं म्हणून कर्ज फिटत नाही. 1920 च्या दशकात मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला. लोकांच्या पैशावर उभं केलेलं सगळं डोळ्यांदेखत गेलं.

पुढे ते नाशिकला पंचवटीत रामनामात रमले. शिष्य मात्र शिकतच होते. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत, जिथे गाणं शिकले त्याच गावात, ते गेले. वय 59. त्यांना झालेल्या मुलांपैकी एकच जगला होता, दत्तात्रेय, आणि तोही तेव्हा अवघा दहा वर्षांचा. हेच पुढचे डी. व्ही. पलुस्कर. 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांसोबत जुगलबंदी गाणारे.

आता बघा, वडिलांनी पुस्तकांचा एवढा ढीग ठेवलेला. पण दत्तात्रेय तयार झाले ते विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांसमोर बसून. आणि याच विनायकरावांनी पुढे 'राग विज्ञान' नावाची सात भागांची पुस्तकं लिहिली. म्हणजे पुस्तकं थांबली नाहीत आणि समोर बसवणंही थांबलं नाही.

1931 मध्येच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज गावागावांत मुलं त्या परीक्षा देतात. छापील पुस्तकांत आणि नेटवर भातखंड्यांची लिपी जास्त दिसते, कारण ती लिहायला आणि छापायला सोपी. पण मोबाईलवर कॉपी-पेस्ट केलं की तिच्याही खालच्या रेघा गळून पडतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या भैरवच्या सरगममध्ये रे आणि ध शुद्ध होऊन येतात.

माझं ते पेटीचं पुस्तक अजून घरी आहे. बाईंनी एकट्या यमनच्या पानावर नंतर आणखी तीन ठिकाणी पेन्सिल चालवली होती.