साखरखेर्ड्याच्या रणात सुभेदार झाला सत्ताधीश

सिंदखेडराजा तालुका म्हटला, की राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थानाचे स्मरण होते. बुलडाणा जिल्ह्यातील याच तालुक्यात साखरखेर्डा येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी झालेल्या लढाईने दख्खनचे राजकारण पालटले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही. या लढाईचा विजेता होता मीर कमरुद्दीन खान, म्हणजेच हैदराबादचा पहिला निजाम.

कमरुद्दीनचा जन्म १६७१ मधील. त्याचे आजोबा १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात औरंगजेबासाठी कामी आले. वडील गाजीउद्दीन फिरोजजंग हेही मोगलांचे नामांकित सेनानी. १७१३ मध्ये बादशहा फर्रुखसियरने कमरुद्दीनला निजाम-उल-मुल्क हा किताब देऊन दख्खनची सुभेदारी सोपविली. दोनच वर्षांत ती काढूनही घेतली.

मोगल सुभेदार बलाढ्य असे, पण निरंकुश नसे. फौज व बंदोबस्त त्याच्याकडे, तर महसूल दिवाणाकडे. दिवाण थेट केंद्राला जबाबदार. वाकेनवीस सुभ्यातील घडामोडी दरबाराला कळवीत. शिवाय बदलीची टांगती तलवार असेच. रोमन सम्राट ऑगस्टसनेही आपल्या अखत्यारीतील प्रांतांत सैन्य राज्यपालाकडे आणि वसुली वेगळ्या अधिकाऱ्याकडे ठेवली होती. गॉल प्रांताचा कारभारी ज्युलियस सीझर इ.स.पू. ४९ मध्ये फौजेसह रुबिकॉन नदी ओलांडून इटलीत शिरला होता. तो धडा रोम विसरले नव्हते.

कमरुद्दीनची रुबिकॉन ठरली नर्मदा. दिल्लीतील सर्वसत्ताधीश सय्यद बंधूंनी माळव्याच्या सुभेदारीवरून हलविण्याचा घाट घालताच १७२० मध्ये तो नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला. वऱ्हाडात बाळापूरजवळ त्याने सय्यदांचा पुतण्या आलम अली खान याचा पराभव केला. सय्यदांच्या पाडावानंतर १७२२ मध्ये तो वजीर झाला. पण दरबारी कारस्थानांना विटून दख्खनकडे परतला. बादशहा महंमदशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारीज खान याला त्याच्याविरुद्ध उभे केले. साखरखेर्ड्याला दोन सुभेदार भिडले आणि मुबारीज खान मारला गेला. विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवण्यात आले.

हतबल बादशहाने १७२५ मध्ये निजामाची सुभेदारी मान्य करून त्याला आसफजाह हा किताब दिला. निजामाने स्वातंत्र्य कधीच जाहीर केले नाही. नाणी बादशहाच्याच नावाने पडत राहिली. तलवार व तिजोरी मात्र एकाच हाती आली. वऱ्हाडच्या रयतेला त्याचा लाभ झाला नाही. निजामाचा महसूल आणि मराठ्यांची चौथाई असा दुहेरी भार तिच्या माथी आला. साखरखेर्ड्याला निजामाला साह्य करणाऱ्या बाजीराव पेशव्यानेच १७२८ मध्ये पालखेडला त्याची कोंडी केली.

१ जून १७४८ रोजी बऱ्हाणपूर येथे निजामाचे निधन झाले. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. एका सुभेदाराने बदलीचा हुकूम नाकारून उभारलेली ही सत्ता सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली.