मजूरमंत्री बाबासाहेब आणि उसाच्या फडातील आमच्या आयाबहिणी

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जनसागर लोटतो, तेव्हा बीड जिल्ह्यातील आमची हजारो माणसे उसाच्या फडात असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई आजारी पडली, खाडा झाला, तर दंड कापला जातो. अशा वेळी आम्हाला मजूरमंत्री बाबासाहेब आठवतात. घटनाकार बाबासाहेब घराघरात पोहोचले. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र आमच्याच विस्मरणात गेले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांची आई लहानपणीच गेली. पुढे त्यांची आणि माता रमाईची चार लेकरे दगावली. २७ मे १९३५ रोजी रमाईही गेल्या. आजारपण आणि गरिबीचे नाते बाबासाहेबांनी घरातच भोगले होते.

१९२८ साली मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून सरकारने भार उचलावा. आणि जो मालक तिच्या श्रमावर नफा कमावतो त्यानेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडील कोळसा खाणीत ते स्वतः उतरले. १९४४ साली कोळशावर टनामागे उपकर बसला. त्यातून खाण कामगारांच्या आरोग्याची व घरांची सोय व्हायची होती. त्यांच्याच खात्याने १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली. त्या पायावर १९४८ साली राज्य विमा कायदा उभा राहिला.

पण त्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले गेले आणि त्यांत साखर कारखानेही आले! तोडणी मजूर तर कारखान्याचा मानलाच जात नाही, तो मुकादमाचा. ज्याच्या घामावर साखर पिकते तोच हिशेबाबाहेर.

हे फक्त येथेच घडले असे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या अमेरिकेत शिकले, तेथे १९३५ साली सामाजिक सुरक्षा कायदा झाला. त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेत ते बहुतांशी काळे होते. वृद्ध आणि गरिबांसाठी सरकारी आरोग्य योजना यायला १९६५ उजाडले. आज तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक पैसा आरोग्यावर खर्च करतो, तरी कोट्यवधी माणसे विम्याविना आहेत. म्हणजे खर्च किती, एवढाच प्रश्न नाही. भार कोण उचलतो आणि मोजणीतून कोण सुटतो, हा खरा प्रश्न आहे.

बीडमध्ये या प्रश्नाचे उत्तर बायांच्या शरीरावर लिहिले गेले. २०१९ साली राज्याच्या समितीपुढे आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. खाडा परवडत नाही म्हणून पिशवीच काढून टाकायची, तीही अनेकदा खासगी दवाखान्यात, कर्ज काढून. मालकाचा खर्च वाचला. तो बाईने भरला.

त्यानंतर ऊसतोड कामगारांचे महामंडळ उभे राहिले, उसावर टनामागे पैसे घेण्याचे ठरले. कोळशावरील उपकराचीच ही वाट आहे. मात्र पैसे जमणे वेगळे आणि फडावर डॉक्टर, औषध, बाळंतपणाची भरपगारी रजा मिळणे वेगळे.

मधुमेहाने खंगलेल्या शरीराने बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ पर्यंत राबले. जयंतीच्या सुमारास कोयते गावी परततात. यंदा मिरवणुकीच्या वर्गणीचा हिशेब मांडताना आम्ही आणखी एक हिशेब मागू या: आपल्या तालुक्याच्या कारखान्याने किती टन ऊस गाळला, किती पैसे भरले आणि त्यातले आमच्या आयाबहिणींच्या आरोग्यासाठी किती खर्ची पडले?