बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे : पंडिता रमाबाईंचे जीवन



येथे मुरारला मराठी ख्रिस्ती घरे थोडी. शब्बाथशाळेत मुले आपसांत हिंदी बोलतात आणि घरी आजीशी मराठी. मागे एकदा वर्गात इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय चालला असता एका मुलीने शिक्षिकेला विचारले की, तारण जर फुकट मिळते तर मग आपण चांगले वागायचे कशाला? शिक्षिकेने याकोबाचे पत्र काढून दाखविले. त्यावर त्याच मुलीने विचारले की, मग ते फुकट कसे? प्रश्न शेवटी माझ्यापर्यंत आला. पदविकेच्या वेळची टिपणे मी काढून पाहिली. उत्तर त्यांत होते, पण बारा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखे नव्हते. म्हणून मी तिला पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने लिहीत आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष पत्करला आणि सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे बिऱ्हाड केले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मूल काही महिन्यांचे असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या टोपलीत घालून एका माणसाच्या डोक्यावरून नेले. त्यानंतर कित्येक वर्षे त्या घराला घर असे नव्हतेच. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, ऐकणारे देतील त्यावर राहावे, आणि उरेल ते दानधर्मात घालावे, असा क्रम होता. आईने रमेला संस्कृत शिकविले आणि हजारो श्लोक तिच्याकडून पाठ करून घेतले.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. डोंगरे कुटुंबाजवळ होते नव्हते ते पुण्य मिळावे म्हणून दानात व व्रतांत गेले. भांडी गेली, दागिने गेले, कपडेसुद्धा विकले गेले. मजुरी करणे त्यांना कुलाला साजेसे वाटेना आणि भीक मागण्याची लाज वाटे. अनुष्ठाने केली, तीर्थांत स्नाने केली, उपास तर घडतच होते. शेवटी तिरुपतीच्या रानात अकरा दिवस पाला आणि पाणी यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि प्रत्येकाचा निरोप घेतला. तेव्हा मुलाने, श्रीनिवासशास्त्र्यांनी, सांगितले की, कुलाचा अभिमान राहू द्या, मी कामाला जातो. तो विचार रहित झाला, पण वडील थोड्याच दिवसांत वारले. मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या कुटुंबाच्या भक्तीत खोट नव्हती. आपल्यापैकी किती जणांनी देवासाठी घरातली शेवटची पातेली विकली आहे? परंतु इतके देऊनही देणे फिटले की नाही, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. रमाबाईंच्या मनावर हा घाव कायमचा राहिला.

बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथे पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सगळीकडे नाव झाले. पण याच काळात धर्मशास्त्रे वाचताना त्यांना आढळले की, स्त्रीने कितीही पुण्य केले तरी मुक्तीचा मार्ग तिला सरळ मोकळा नाही. हा शब्द, मुक्ती, त्यांच्या मनात तेथून घर करून बसला असावा असे मला वाटते. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात न पाहता विवाह केला. सिल्चरच्या घरात पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. दोन वर्षे झाली नाहीत तोच पती पटकीने वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे सेंट मेरीच्या भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. तो पाहून रमाबाई थक्क झाल्या. समाजाने टाकलेल्या बायकांची इतकी मायेने सेवा का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

पुष्कळ लेखांत रमाबाईंच्या विश्वासाची गोष्ट येथे संपते आणि समाजकार्याची सुरू होते. काम तर डोंगराएवढे झाले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. बोस्टनच्या मित्रांनी दहा वर्षे मदत देण्याचे पत्करले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. बाप्तिस्मा झालेला, बायबल वाचलेले, अनाथ विधवांसाठी दिवसरात्र राबणे चाललेले. सत्कर्मांचा हिशेब मांडायचा तर त्या काळी त्यांच्या बरोबरीची पाने फार थोड्यांच्या वहीत निघाली असती.

आणि तरी बाई स्वस्थ नव्हत्या. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर त्यांना उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो सापडलेला नाही. धर्म बदलला, उपासना बदलली, पण पापाचे ओझे होते तेथेच होते. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हे हॅस्लमसाहेब आपल्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे उपदेश करीत. १८५१ साली कॉर्नवॉलमध्ये एका रविवारी स्वतःचाच उपदेश करता करता त्यांचे हृदयपरिवर्तन झाले, आणि खाली बसलेल्या एका साध्या उपदेशकाने ते ओळखून भर उपासनेत आनंदाने आरोळी ठोकली. (आम्हा उपदेश करणाऱ्यांनी ही हकिकत वरचेवर वाचावी.) रमाबाईंनी ते वाचून पवित्र शास्त्र पुन्हा उघडले आणि आपण रिकाम्या हातांनी आलो आहोत हे देवापुढे कबूल केले. लहानपणापासून जी किंमत भरण्याची धडपड चालली होती ती दुसऱ्याने आधीच भरली आहे, यावर त्या विसावल्या.

आता त्या मुलीचा प्रश्न. तारण फुकट मिळाल्यावर रमाबाईंनी हातपाय गाळले काय? पहिला परिणाम तर नुकसानीचा झाला. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचे ठरले होते. पण बाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली आपण होऊन येऊन बसत. पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची तक्रार अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. पण ज्यात आपल्याला जीव मिळाला ते दाराआड लपवून ठेवणे बाईंना जमण्यासारखे नव्हते.

काम मात्र थांबले नाही. काही वर्षांनी त्या यात्रेकरूच्या वेषात वृंदावनास गेल्या आणि तेथल्या विधवांची दैना डोळ्यांनी पाहिली. मुरारहून ते ठिकाण फार दूर नाही. आमच्याकडची कितीतरी माणसे तेथे जाऊन येतात, पण रमाबाई ज्या गल्ल्यांतून हिंडल्या त्या कोणाच्या ध्यानातही येत नसतील.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या मेळाव्याला त्यांच्याबरोबर पंधरा ख्रिस्ती मुली होत्या. त्यांनी देवाजवळ मागितले की, या पंधरांचा वर्ग होऊ दे, म्हणजे पुढच्या मेळाव्यापर्यंत दोनशे पंचवीस. गणिताच्या शिक्षकांना ही प्रार्थना आवडावी! त्यानंतर मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई प्रथम कचरल्या, कारण उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. आईबापांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले असतील. तरी त्या निघाल्या. हातात पैसा बेताचा असताना सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या मोकळ्या जमिनीवर ठेविले. त्या वसाहतीला नाव दिले मुक्ती.

पहिल्या दुष्काळात डोंगरे कुटुंबाने देऊन टाकले, ते मुक्ती मिळावी म्हणून. या दुष्काळात त्यांच्या मुलीने स्वतःला देऊन टाकले, ते मुक्ती मिळाली होती म्हणून. दोन्ही वेळी हात देणारेच होते. पौल आणि याकोब यांचे भांडण लावणाऱ्यांनी हे दोन दुष्काळ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

१९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावला सुमारे दोन हजार माणसे झाली. फुलहॅमला पाहिलेले बाई विसरल्या नव्हत्या. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपा सदन काढले. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. १९०५ साली तेथे मोठे आत्मिक संजीवन झाले, त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

अखेरची वर्षे बाईंनी एकाच कामात घातली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांनाही कळावे असे. मुक्तीतल्याच स्त्रियांनी खिळे जुळविले. त्यांना आता ऐकू कमी येई, आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईही त्यांच्याआधी गेल्या. तरी मुद्रिते तपासणे सुटले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. पुरे छापलेले ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.