बर्नरवाले बन्सेन आणि आइसलँडचं उकळतं पाणी

प्रयोगशाळेत बर्नर दाखवताना आपण रॉबर्ट बन्सेन यांचं नाव घेतो आणि पुढे जातो. खरं तर तो बर्नर 1855 च्या सुमारास त्यांच्या सूचनेनुसार पीटर देसागा या कारागिराने घडवला. बन्सेन यांचं आइसलँडमधलं काम मला त्याहून मोठं वाटतं. ते मुलांना जरूर सांगा.

बन्सेन यांचा जन्म 1811 साली जर्मनीत गटिंगेन येथे झाला. आर्सेनिकच्या संयुगांवर काम करताना स्फोटात त्यांचा उजवा डोळा गेला, विषबाधेने ते मरता मरता वाचले. तरीही 1846 मध्ये, हेक्ला ज्वालामुखी नुकताच शांत झाला असताना, ते आइसलँडला पोचले. तिथल्या 'गेसिर' या उसळत्या झऱ्यावरूनच आपल्या बाथरूममधल्या गीझरला नाव मिळालं बरं का!

हे पाणी येतं कुठून? बन्सेन यांचं उत्तर होतं, पावसाचं आणि बर्फाचंच. ते खडकांत मुरतं, तापतं आणि वाटेत खडक विरघळवतं. त्यांनी तिथला खडक गरम पाण्यात ठेवून पाहिला, तर झऱ्यातलेच घटक पाण्यात उतरले! त्यातली सिलिका झऱ्याच्या काठावर साचत जाते आणि हळूहळू नळी तयार होते.

आता उसळी. 20 मीटरहून खोल नळीत त्यांनी आणि फ्रेंच सहकारी देक्लुआझो यांनी थर्मामीटर सोडले, तेही उसळी येण्याच्या बेतात असताना! मधल्या भागात पाणी 120 अंश सेल्सिअसच्या वर, तरी उकळत नव्हतं. कुकरमध्ये होतं तसंच, वरच्या पाण्याचा दाब त्याला उकळू देत नाही. तिथल्या उत्कलनबिंदूला मात्र दोनेक अंशच कमी होते. खालून आलेल्या वाफेने सगळं पाणी थोडं वर उचललं, की दाब घटतो, मधलं पाणी एकदम वाफ होतं आणि कारंजं उडतं.

पुढे 1860 मध्ये बन्सेन आणि किर्खहोफ यांना ड्युर्कहाइमच्या खनिजपाण्यात सीझियम हे नवं मूलद्रव्य सापडलं. ते वेगळं काढायला 40 टनांहून जास्त पाणी आटवावं लागलं, हाती आलं काही ग्रॅम क्षार. 1899 मध्ये हायडेलबर्गला त्यांचं निधन झालं.

वर्गात कुणीतरी विचारेलच, मग वज्रेश्वरीच्या कुंडाखाली ज्वालामुखी आहे का? नाही. तिथला बेसाल्ट कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालाय. पाणी मात्र तिथेही पावसाचंच, खोल जाऊन तापलेलं आणि भेगांतून वर आलेलं.