माथेरान शोधणाऱ्या मॅलेटच्या बापाने पेशवाई जवळून पाहिली, मग इंग्लंडमध्ये हवेली घेतली

माथेरानला गेला असाल तर ह्यू मॅलेट हे नाव कानावर आलंच असेल. ठाण्याचा हा कलेक्टर १८५० मध्ये डोंगर चढून वर गेला आणि आपल्याला एक थंड हवेचं ठिकाण मिळालं. पण त्याच्या वडिलांची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्यांचं नाव सर चार्ल्स वॉर मॅलेट.

चार्ल्सचा जन्म १७५२ चा, बाप पाद्री. १७७० मध्ये पोरगं ईस्ट इंडिया कंपनीत चिकटलं. पुढे बरीच वर्षं तो खंबायतला कंपनीचा वकील होता. कंपनीला पुणे दरबारात कायमचा माणूस हवा होता, पण त्यासाठी आधी महादजी शिंद्यांची मर्जी सांभाळणं भाग होतं. म्हणून १७८५ मध्ये मॅलेट थेट उत्तरेत महादजींच्या भेटीला गेला आणि १७८६ मध्ये पुण्यात रेसिडेंट म्हणून दाखल झाला.

मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा मुक्काम पडला. गादीवर कोवळे सवाई माधवराव होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हातात. नानांसारख्या मुत्सद्द्यासमोर मॅलेट दहा वर्षांहून जास्त टिकला. १७९० मध्ये टिपूविरुद्ध मराठे आणि इंग्रजांचा तह झाला, तो त्यानेच जुळवला. बक्षीस म्हणून १७९१ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला.

त्याला चित्रांचाही नाद होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच्याच आश्रयाने पुण्यात आला. वेल्सने पेशव्यांची आणि नानांची चित्रं काढली आणि शनिवारवाड्यात चित्रशाळाही चालवली. गंगाराम तांबट तिथलाच गडी. त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी कागदावर उतरवली.

पुण्यात मॅलेटचा संसार अंबर कौर या बाईसोबत होता. त्यांना मुलंही झाली. पण १७९५ मध्ये वेल्स वारला, त्याच्या पोरींची जबाबदारी मॅलेटने घेतली, आणि इंग्लंडला परतल्यावर १७९९ मध्ये त्याने वेल्सच्याच मुलीशी, सुझानाशी, लग्न केलं. वेल्सने काढलेलं अंबर कौरचं चित्र मागे राहिलं. बॅरोनेटच्या घरात लेडी मॅलेट म्हणून मान मिळाला तो सुझानाला.

हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेले साहेब तेव्हा गावाकडे मोठी इस्टेट घ्यायचे. क्लाइव्हने क्लेअरमाँट घेतलं, वॉरन हेस्टिंग्जने डेल्सफर्ड. मॅलेटने १८०३ मध्ये विल्टशायरमधलं विल्बरी हाऊस घेतलं.

आता हे घर काय होतं बघा. विल्यम बेन्सन नावाच्या माणसाने १७१० च्या सुमारास ते उभारलं. इटलीचा सोळाव्या शतकातला वास्तुकार पॅलाडियो, त्याची शैली इनिगो जोन्सने इंग्लंडमध्ये आणली होती. ती मागे पडल्यावर बेन्सनने पुन्हा उचलली. मधोमध प्रवेश, दोन्ही बाजू तराजूसारख्या सारख्या, नक्षीपेक्षा मापाला महत्त्व. पुढे ही फॅशन इंग्लंडभर गेली.

आमच्या पाटणकडे वाडा म्हटलं की बाहेरून जाड भिंती आणि जगणं सगळं आतल्या चौकात. शनिवारवाडाही तसाच, बाहेर तट आणि बुरूज, आत चौकावर चौक. इंग्रजी हवेली याच्या उलटी. ती मोठमोठ्या खिडक्यांतून स्वतःच्या जमिनीकडे बघत बसते. वाड्याला हल्ल्याची धास्ती असायची, हवेलीला आपली मालकी दाखवायची असायची.

मॅलेट अशा घरात राहायला गेला, पण पुणे त्याला सुटलं नाही. वेल्सच्या कच्च्या चित्रांवरून त्याने थॉमस डॅनियलकडून कामं करून घेतली. १८०५ मध्ये पेशव्यांच्या दरबारातल्या तहाचं मोठं तैलचित्र तयार झालं. त्यात शनिवारवाड्यातला दरबार भरलाय आणि मॅलेटही हजर आहे.

१८१५ मध्ये मॅलेट वारला. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईआधी संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली. १८२८ च्या आगीत शनिवारवाडा गेला. मॅलेटच्या पोरांपैकी काही मात्र पुन्हा इकडेच नोकरीला आले, माथेरानचा ह्यू त्यातलाच एक.

विल्बरी हाऊस आजही उभं आहे. आणि पेशव्यांचा दरबार कसा दिसायचा हे बघायचं असेल, तर आपल्याला त्या हवेलीच्या मालकाने करून घेतलेल्या चित्राकडेच जावं लागतं. कारण आपल्याकडे वाड्याचा तट उरलाय, दरबार नाही.