इरावती कर्वे : गुरूंच्या मार्गदर्शनातून घडलेली स्वतंत्र विदुषी

भारतातील मानववंशशास्त्राच्या पायाभरणीत मोलाचा वाटा असलेल्या डॉ. इरावती कर्वे यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. शिक्षणासाठी बालपणीच त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत आल्या. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या आणि तेथील ग्रंथांच्या सहवासात त्यांची ज्ञानाची ओढ बळावली.

१९२६ मध्ये तत्त्वज्ञान विषयात पदवी घेतल्यानंतर त्यांना दक्षिणा शिष्यवृत्ती मिळाली. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास सुरू केला. संस्कृतचे विद्यार्थी असलेले घुर्ये स्वतः प्रा. पॅट्रिक गेडिस यांच्यामुळे समाजशास्त्राकडे वळले होते. चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध सादर करून इरावतीबाईंनी १९२८ मध्ये एम. ए. पदवी मिळवली.

पुढील शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा निर्णय मात्र सोपा नव्हता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे त्यांचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनाही तो मान्य नव्हता. पती दिनकर कर्वे हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि ते स्वतः जर्मनीत शिकले होते. ते पत्नीच्या पाठीशी ठाम उभे राहिले.

बर्लिनमध्ये प्रा. ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असे गृहीतक त्यांनी मांडले होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या तपासल्या. त्यांना तसा संबंध आढळला नाही. पदवी मार्गदर्शकाच्याच हाती असताना त्यांनी हा निष्कर्ष प्रबंधात नोंदवला आणि डॉक्टरेटही संपादन केली. याच फिशर यांचे विचार पुढे नाझींच्या वंशवादी धोरणाला आधारभूत ठरले.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिवपदाची धुरा सांभाळली. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन व संशोधन केले. भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. महाभारतातील व्यक्तींचा वेध घेणाऱ्या ‘युगान्त’ या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

विद्यार्थ्यांसह गावोगावी आणि आदिवासी वस्त्यांत फिरून प्रत्यक्ष माहिती गोळा करण्यावर त्यांचा भर असे. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.